पयलं वल्हं

—न्हाई, कोण म्हणलं सांगलीत बघण्यासारखं काय न्हाई म्हणून? लय हाय की. गणपतीचं देऊळ बघितलं न्हवं तुमी? बघितलं. आयर्विन पुलावर उभं ऱ्हाऊन फोटू काढला? काढलाच असणार, गळ्यात एवढा मोठा क्यामेरा अडकवून आलेला माणूस पुलाला सोडतोय व्हय. नाटकाचा नाद असंल तर नाट्यगृहाकडं जावा, कायतरी लागलेलं असतंय. गाण्याचा असंल तर मिरजेला जावा — तितं गल्लीच्या गल्ली सतारी आन तंबोरे करत बसलीया, भोपळा कसा कोरत्यात, तारा कशा लावत्यात, बघत ऱ्हावं. सांजच्याला अमराईत एक चक्कर मारायची, भडंग खायाचं — झाली सांगली. खरं तुमी आज होड्यांच्या शर्यतीपायी आलासा न्हवं, मग होड्याच बघा की. ह्या घाटाच्या पायऱ्यांवरनं समदं दिसतंय. पूल बी दिसतोय, पल्याडचा आमच्या वाडीचा काठ बी दिसतोय, आन होड्या सुटत्यात ती जागा तर नाकाम्होरंच. गड्यांच्या शर्यती झाल्या मगाशी. आता बायकांची. व्हय, बायकांची. यंदाच काढलीया ही टूम. नदीचा महोत्सव म्हणं, मग त्यात बायका पायजेत म्हणं. असू दे.

त्या तिकडं बांधलेल्या बदकाच्या बोटी? त्या मीच बघतो. मालक दुसरा हाय, राखण माझ्याकडं. नवराबायको येत्यात, पोरं घेऊन येत्यात, त्येंना आत बसवायचं, पायडल मारा म्हणायचं, लांब गेली की हात करून माघारी बोलवायचं. आज शर्यतीपायी बंद हायत. बघा कशी माना ताठ करून बसल्यात एका ओळीत, जशी काय त्येंचीच शर्यत हाय. हसताय? हसा. खरं सांगतो पाव्हणं, ह्याच काठाला एके काळी लोक मला बघाय येत हुती. कुठल्याबी पिकल्या केसाच्या माणसाला इचारा, वाडीचा धनाजी पयल्या वल्ह्यावर बसला म्हंजे काय हुत हुतं. पयलं वल्हं म्हंजे काय ते ठावं हाय का? न्हाई ठावं. सांगतो. होडीत समदी वल्ही मारत्यात, खरं ठेका एकाचाच असतोय — म्होरं बसलेल्याचा. त्येचं वल्हं पडलं की मागच्यांचं पडायचं, त्येनं लांब वढलं की समद्यांनी लांब वढायचं, त्यो दमला की होडी दमली. सुकाणूवर बसलेला निस्ती वाट दावतो. होडीचा जीव म्होरं असतोय. त्या जागंवर मी बसायचो. एक दोन सालं न्हवं, दाढीमिशा फुटल्यापास्नं पार केस पांढरं हुईस्तवर.

त्यो? त्यो पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, छाती काढून उभा हाय त्यो? तुमाला बी त्योच दिसला म्हणा. समद्यांना त्योच दिसतोय. सुभेदार हंबीरराव — रिटायर. आता आमच्या वाडीच्या बायकांच्या होडीचा वस्ताद हाय. सुकाणूवर बी त्योच बसणार. चांगला माणूस हाय, मी कुठं वाईट म्हणतोय? एका गल्लीतलं आमी. त्येला पोहायला कुणी शिकवलं? मी. पाठीला डबा बांधून ह्याच घाटावरनं ढकलला हुता, आईच्या नावानं बोंबलत हुता. होडीत माझ्या मागं बसायचा, दुसऱ्या वल्ह्यावर. माझी पाठ बघून बघून वल्हं मारायला शिकला गडी. मग मिल्ट्रीत गेला, इंजिनेर पल्टणीत. तितं म्हणं पुण्याला फौजेच्या होड्या हायत, काकडीगत लांब आन बारीक, त्या मारत मारत ह्यो पार सुभेदार झाला. मी बी गेलो असतो की. भरतीला दोघं संगंच जाणार हुतो. खरं माझा बा नाव चालवायचा, वाडीची माणसं ह्या तीराची त्या तीराला न्यायाचा, आन त्येचं गुडघं गेलं. थोरला मी. ऱ्हायलो. ह्यो गेला, आन रिटायर हुऊन परत आला तवा गावानं जीपमधनं मिरवला त्येला. हलगी, फेटा, समदं. जीप ह्याच रस्त्यानं गेली. त्येनं मला बघितलं, हात केला वरनं. मी काय करणार — मी बदकं पुसत हुतो. फडकंच हलवलं.

वल्हं सोडलं न्हाई वो, सोडवलं. छातीत कळ आली. नदीत आली असती तर कायतरी शोभा ऱ्हायली असती, खरं आली ती घरात, भाकरी खाताना. मिरजेला न्हेलं. आमच्याकडं माणसाला काय बी झालं तरी मिरजेलाच न्हेत्यात, दवाखान्यांचंच गाव हाय ते. छाती उघडली, दुरुस्ती केली, शिवली. डाक्टर भला माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणला, मामा, आता हलकं काम करायचं. मी म्हणलं, आन वल्हं? तर म्हणला, त्येचं नाव काढायचं न्हाई. मी भिताडाकडं तोंड केलं. मंगल पलंगाच्या कडंला बसली हुती — मंगल म्हंजे आमची मंडळी. तिनं डाक्टरला परत इचारलं, कायमचं का? डाक्टर म्हणला, कायमचं. तवा मला वाटलं, माझ्यापायी इचारतीया. माझ्यापायीच इचारलं असणार, दुसरं काय.

दिसली का तुमाला? ती बघा, निळ्या शर्टातल्या बायका होडीत बसाय लागल्यात, आमच्या वाडीच्या. म्होरं बसलीया ती, केसाला रुमाल गुंडाळलेली. पयल्या वल्ह्यावर. ती मंगल. पोरगी पल्लवी कवठ्याला दिलीया, नातू हाय आमाला, आन आजी बघा — प्यांट घालून बसलीया. तिच्या मागं ती गोरी, चष्मेवाली, ती गुणमाला, हळदीच्या व्यापाऱ्याची सून. जैनाची हाय, सूर्य बुडायच्या आत जेवणारी, म्हणून सराव बी तिच्या टायमानं धरत्यात. ती परवा मला बाजारात गाठून म्हणली, काका, मंगलताई नसत्या तर आमी पाण्यात निस्त्या गोल गोल फिरत बसलो असतो. आता ह्येच्यावर माणसानं काय म्हणायचं? मी म्हणलं, व्हय का. आन कोथमीर न घेताच घरी आलो.

कसं झालं इचारता? त्या हंबीऱ्यामुळं झालं. पावसाळा सरला, आन महोत्सवाचं ठरल्यावर त्यो घरी आला. माझ्या सोप्यात बसला, माझ्या कपातनं च्या पिला, आन माझ्या बायकोला होडीत बसवून गेला. आसं. — मला? मला का न्हाई इचारलं म्हंजे? इचारलं की. पयलं मलाच इचारलं. म्हणला, धन्या, बायकांना तयार करायचंय, तुझ्यासारखा ठेका गावात कुणाला न्हाई, तू काठावर बसून निस्तं सांग, मारायला मी दावतो. मी काय म्हणणार? मी म्हणलं, हायत ती बदकं पुरं हायत मला, अजून नगंत. जरा लागंल आसंच म्हणलं. त्येनं वाद घातला न्हाई. फौजेतला माणूस, एकदा न्हाई म्हणलं की फाईल बंद. त्येनं मान वळवली, सैपाकघराच्या दाराकडं बघितलं आन म्हणला, वहिनी, तुमी बसता का? तिनं पदराला हात पुसलं. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्हणली, "बसतो की."

आमच्या भागात बायका बी बसतो, जातो म्हणत्यात. तुमा पुण्याच्या माणसांना हसू येतंय. मला न्हाई आलं तवा.

मला वाटलं, जाईल चार दिस, हात दुखाय लागलं की बसंल घरात. कवा हातात वल्हं धरलं न्हवतं तिनं. पाण्याला भ्यायची न्हाई, नदीकाठची पोर हाय, खरं वल्हं म्हंजे खेळ हाय का? आली पयल्या दिवशी तवा खांदं वर हुत न्हवतं तिचं. मनात म्हणलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी गेली. मग एकदा सकाळच्या पारी ती भाकरी थापत हुती आन मधीच हात झाडत हुती. मी म्हणलं, काय झालं? म्हणली काय न्हाई. मी हात धरून उलटा केला — तळव्याला फोड. बोटांच्या मुळाशी, एका रांगंत. काही फुटल्यालं, पिठात भरल्यालं. आता नवऱ्यानं काय करावं? हळद लावावी, व्हय का न्हाई? हळदीच्या गावात ऱ्हातो आमी. मी हात सोडला आन भाईर येऊन बसलो. आन माझं तळवं बघितलं. माझ्या हाताला घट्टं हुतं वो, पाव्हणं, दगडागत. लगीन झालं तवा तिनं हात हातात घेतला आन म्हणली हुती, तुमचा हात खडबडीत हाय लय. तिथं आता काय न्हाई. मऊ झाल्यात. पोराच्या टाचंगत मऊ. बदकं पुसून दुसरं काय हुणार? त्या दिवशी मला भाकरी गेली न्हाई. तिला वाटलं छातीत कळ आली, मिरजेला फोन लावाय निघाली. मी म्हणलं, गप बस.

काय म्हणलासा? — न्हाई, राग कशाचा. रागाचा इशय न्हाई. तुमचं लगीन झालंय का? न्हाई झालं. मग तुमाला कळायचं न्हाई.

आता खरं सांगतो, तुमी काय वाडीला येऊन सांगणार न्हाई कुणाला. मी बघाय गेलतो एकदा. हरिपूरच्या वाटंला, संगमाच्या अलीकडं सराव चालायचा, पहाटंचं धुकं उठलं की. मी चिंचंच्या बुंध्याआड उभा ऱ्हायलो. ह्या वयात, चोरागत. होडी आली. काय मारत हुत्या म्हणता — ठेका न्हाई, काय न्हाई, एकीचं वल्हं आभाळात तर दुसरीचं पाण्यात. मला मनातनं लय बरं वाटलं. मग हंबीऱ्यानं सुकाणूवरनं कायतरी म्हणलं. ऐकू न्हाई आलं मला. आन मंगल हसली. कशी हसली सांगू? वल्हं मांडीवर आडवं टाकून, मान मागं टाकून, पार पोटातनं. घरात आशी हसलेली मला कवा आठवना. लय आठवून बघितलं. तिथंच उभं ऱ्हाऊन आठवत बसलो, होडी वळून गेली तरी.

घरी आली तवा मी तयारच हुतो. नगं नगं ते बोललो. सुभेदाराचं घर रिकामं हाय, बाई जाऊन लय दिस झालं त्येची, लोक काय म्हणत्यात — लोक काय बी म्हणत न्हवती, मीच म्हणत हुतो. शेवटी म्हणलं, एक सांग, तुझा नवरा त्यो का मी. तिनं टावेल वाळत टाकला. सावकाश टाकला, कोपरं जुळवून. मग म्हणली, "एवढी वर्सं तुमी नदीवर हुता. कुणासंगं हसता, म्हणून मी कवा इचारलं का?"

बस. एवढंच. मग ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना माझा डबा भरून ठेवला, च्या झाकून ठेवला, समदं जिथल्या तिथं. भांडली असती तर बरं झालं असतं. माणूस भांडला की त्येला उत्तर देता येतं.

होडी? होडी हीच म्हणा की, दिसतीया ती. — ती माझी हाय. हरणी नाव तिचं. बघा की बाकीच्या दोघींपेक्षा कशी हलकी बसलीया पाण्यावर. सागवानी फळी, बानं करून घेतल्याली, तिच्यावर बसूनच मी समदं जिंकलं. आपरेशन झाल्यापास्नं वाडीच्या काठाला खोपीत ठेवली हुती, कुलूप घालून. ह्या बायका सराव करत हुत्या कुणाच्यातरी जडशीळ नावंतनं, वाळू वाहायच्या. हंबीऱ्यानं निरोप धाडला, हरणी देतोस का. मी म्हणलं, जाळून टाकीन खरं देणार न्हाई. मंगलच्या म्होरंच म्हणलं. तिनं भात वाढला.

मग ती कशी आली इथं? आली. काय झालं, मी एकदा सहज खोपीत गेलो. उगं बघाय. तर फळ्या वाळून सांधं उघडल्यालं. आता होडी म्हंजे काय लाकूड न्हवं, तिला पाणी न्हाई मिळालं की तिचा जीव जातोय. म्हणून वाईच काथ्या भरला. दुसऱ्या दिवशी डांबर दिलं. मग तळ घासला, तेल पाजलं. बदकांचं काम उरकलं की जायचो. जड काय न्हवतं वो, बसून करायचं काम, डाक्टरनं वल्ह्याला नगं म्हणलंय, काथ्याला कुठं म्हणलंय. हंबीऱ्यासाठी न्हवं. तिच्यासाठी बी न्हवं. होडीसाठी. — किल्ली? किल्ली माझ्या खिशात असती सदा. परवा सैपाकघरात खुंटीला अडकवली. इसरलो. माणूस इसरतोय की, वय झालं. तुमी हसू नगा. आज सकाळी खोपीवर गेलो तर दार सताड, आन आत निस्तं डांबराचा वास. तसाच आलो हितं. काय ठरवून आलो सांगू? हंबीऱ्याची कॉलर धरायची आन समद्या गावाम्होरं होडी काठाला लावायची. आलो, आन तुमी म्हणलासा, काका, हितं बसू का. म्हणून बसलो. न्हाईतर केलंच असतं.

झालं, सुटायचं. समदी गप झाली बघा. हितनं सुटायचं, पुलाकडं जायाचं, तितं लाल झेंड्याचं पिंप तरंगतंय, त्येला वळसा घालायचा आन परत हितं. तीन होड्या — आमची वाडीची, ती पिवळी हरिपूरची, आन ती पल्याडची मिरजंच्या कृष्णाघाटाची. — सुटल्या. सुटल्या बघा. तुमी काढा फोटू, मी सांगतो. हरिपूरच्या म्होरं. जोरात हायत पोरी, तरण्या हायत. आमच्या दुसऱ्या. आता तिसऱ्या. बघा, ही अशी हुती घाई, मंगल बारीक बारीक मारतीया, पाणी निस्तं उडतंय, होडी जाईना. हंबीऱ्याची शिट्टी ऐकताय? फौजेचा ठेका हाय त्यो, एक-दो एक-दो, परेडचा. संथ पाण्याला चालतोय तसला. कृष्णंला न्हाई चालत. मागं पडल्या. पडू द्या. बरं झालं. खरं सांगू का पाव्हणं, मी देवाला काय मागितलंय सकाळी? हरू दे म्हणलंय. हरल्या म्हंजे मिटलं, उद्यापास्नं खोपीला कुलूप, ती घरात, मी घरात. हंबीऱ्याचं मला काय न्हाई वो, त्येचा काय संबंध, त्येनं कवा वाकडी नजर केली न्हाई कुणाच्या बाईकडं, मला ठावं हाय ते. पयल्यापास्नं ठावं हाय. त्यो सुकाणूवर बसलाय, बसू दे. खरं ती जिथं बसलीया ती जागा माझी हाय. माझ्या बुडानं गुळगुळीत झालीया ती फळी. मी काठावर, आन ती तितं, आन रोज घरी येतीया तवा तिच्या अंगाला नदीचा वास येतोय — माझ्या अंगाचा वास वो त्यो. मी शेजारी निजतो आन झोप लागत न्हाई मला.

जाऊ द्या. कुठं पोचल्या? पिंपाला. हरिपूरची वळली. आता आमची वळंल. — वळली. बरी वळवली. एवढं म्हणाय पायजे, बरी वळवली त्येनं.

थांबा. शिट्टी बंद झाली. ऐका की, बंद झाली शिट्टी. काय केलं हिनं? हात वर केला मंगलनं, गप म्हणली त्येला. सुभेदाराला. आन आता बघा — लांब वढतीया. वाकली, वल्हं लांब टाकलं, टाकल्यावर वाईच थांबली, मग वढलं. परत. टाकलं, थांबली, वढलं. मागच्यांनी उचललं. गुणमालानं उचललं, बघा, समद्यांची एकदम पडाय लागली. पाणी उडना झालं. होडी कशी सरकतीया बघा, तेलावरनं गेल्यागत. ह्यो ठेका — हा फौजेचा न्हवं. हा हंबीऱ्यानं न्हाई शिकवला, त्येला जन्मात जमला न्हाई हा, माझ्या मागं बसून त्यो चुकायचा हितंच, वढायच्या आधी थांबायला. हा माझा हाय. ते थांबणं माझं हाय वो. मी कुणाला दावलं न्हाई, तिला तर कवाच न्हाई. हिनं कुठनं घेतलं? — ह्या पायऱ्यांवरनं. दुसरं कुठनं? माझा टावेल खांद्यावर टाकून उभी ऱ्हायाची हितं, दर शर्यतीला, पोर कडंवर हुती तवापास्नं. मला वाटायचं मला बघतीया. मला न्हवती बघत. ही वल्हं बघत हुती. एवढी वर्सं, गुमान, माझ्याकडनं —

कृष्णाघाटाला टाकलं मागं. हरिपूरची दमली, बघा पिवळ्यांची वल्ही वाकडी पडाय लागली. अजून एक हात. एक हात लांब. टाक. थांब. वढ आता. मंगे, वढ. घाई नगं करूस, थांब, थांब, हां, आता वढ —

काय? कोण वरडलं? मी न्हाई. शेजारचा कोणतरी असंल. उभा मी फोटूच्या आड येऊ नये म्हणून ऱ्हायलोय.

आल्या. आल्या की वो. कुणाचं नाक म्होरं हुतं? तुमच्या क्यामेऱ्यात बघा. — हरणीचं. व्हय, हरणीचंच. माझ्या डोळ्यांना दिसलं हुतं, तरी म्हणलं बघावं. हलगी सुरू झाली बघा. गुणमाला रडतीया काय हसतीया कळंना. हंबीऱ्या बघा, टोपी काढून हातात घेतली त्येनं आन उभा हाय पाण्यात. त्येला कळलं असणार. दुसऱ्या वल्ह्यावर बसलेल्याला कळतंयच ते. आन ती न्हाई उठली अजून. वल्हं मांडीवर घेऊन बसलीया, वाकून. दम खातीया. पयल्या वल्ह्यावाल्याला दम जास्त लागतोय, बाकीच्यांना ठावं नसतंय ते. मला काय वाटतंय इचारता? तुमी लय इचारता पाव्हणं. आनंद झालाय. झालाय की. बायको जिंकली म्हणल्यावर माणसाला आनंद हुतो. आतनं कुणीतरी पीळ घातल्यागत हुतंय, खरं ते आनंदाचंच असणार.

उठली. हिकडं यायला लागली. हिकडंच येतीया. तुमी जरा सरका. म्हंजे — ऱ्हाऊ द्या, बसा. मी काय म्हणू तिला? चांगलं मारलंस म्हणू? वळणापतूर घाई केलीस म्हणू? केलीच हुती घाई तिनं. का आधी होडीचं काढू, न इचारता कुलूप —

ये. ये मंगल. हे पाव्हणं पुण्याचं हायत, फोटू काढत्यात, मी त्येंना उगं सांगत हुतो, तुमची ती —

व्हय. घेतली. सकाळचीच घेतली म्हणलं. — दुपारची? दुपारची ऱ्हायली. घेतो घरी जाऊन. हां, हाय की खिशात. पाणी हाय ह्येंच्याकडं, घेतो म्हणलं न्हवं आताच. जा तू, बोलवत्यात तुला माईकवर. जा.

ऐकलंसा का? जिंकून आली. अंगावरनं पाणी निथळतंय, गाव टाळ्या वाजवतंय, सुभेदार टोपी काढून उभा हाय. आन मला काय इचारलं तिनं? "आवं, गोळी घेतली का?" पुण्याच्या माणसाम्होरं. एवढंच. आन गेली बघा, वळून बघितलं बी न्हाई, त्या बायकांत मिसळली, आता कोणती ती बी कळंना, समद्या निळ्याच.

द्या वाईच पाणी. — झाली घेऊन. आता तुमी जावा तिकडं, कप देत्यात, तितलं फोटू काढा. तिचा काढा, पयल्या वल्ह्यावालीचा, म्होरनं काढा. माझा नगं. बदकांचा बी नगं. जावा म्हणतोय न्हवं.